तो तारा चिंचेनं घासू नकोस

काल रात्रीच तू पाठवलेला फोटो बघितला गं. लगेच उत्तर दिलं असतं, पण अकरा वाजून गेले होते आणि या विषयावर मी एकदा बोलायला लागले की थांबत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आज सकाळी, दुसरा चहा घेऊन, सोनगीरच्या आमच्या मागच्या ओट्यावर बसून सावकाश लिहितेय. आमच्या तांबट आळीत हातोड्यांचे ठोके सुरू झालेत. पूर्वीइतके नाहीत, पण आहेत.

फोटो झकासच आहे तुझ्या आजोबांचा. त्याखाली तू लिहिलंस, "ताई, आजोबा बसऱ्याला जर्मनांशी लढले होते, मोठं पदक मिळालं होतं, मला सगळं शोधायचंय, सुरुवात कुठून करू?" ते वाचून मला हसू आलं. तुझं नाही, माझं. सात वर्षांपूर्वी मी हेच्या हेच वाक्य सगळ्यांना ऐकवत होते. बसरा, जर्मन, मोठं पदक. आपल्या खानदेशात ज्या घरातला माणूस लढाईवर गेला, त्या घराच्या गोष्टीत बसरा असतोच.

तर आधी माझं काय झालं ते ऐक.

आमच्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात दोन पदकं, एक फाटकी फीत आणि मनिऑर्डरची चार-पाच कुपनं. मोठी काकू दर दिवाळीला देव घासायला बसायची, तेव्हा डब्यातली पदकंही काढायची आणि चिंच-मीठ लावून लख्ख करायची. पितळेच्या गावातली बाई ती. पितळ काळं दिसलं की तिच्या हाताला चैन पडत नाही. त्या दोनांतला सहा टोकांचा तारा तांबं-जस्ताचा, म्हणजे आपल्या भाषेत पितळच. साठ दिवाळ्यांत त्यावरची अक्षरं गुळगुळीत झाली. आपल्याकडच्या सैनिकांना दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर बरेचदा माणसाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. गोल पदकाच्या कडेवर बघायचं, ताऱ्याच्या पाठीवर बघायचं. आमच्या गोल पदकाच्या कडेवर आता फक्त एक 'आर' वाचता येतो. म्हणून पहिली विनंती हीच की तुमच्याकडचं पदक सापडलं तर हात जोडते, चिंच लावू नकोस, लिंबू नको, कुठली पावडर नको. कोरड्या मऊ फडक्यानं पूस आणि तिरप्या उजेडात धरून कडा वाच.

अक्षरं गेली, पण फीत उरली होती. मध्ये जाड लाल पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्या निळ्यातून गेलेली बारीक नारिंगी रेघ. हा बर्मा स्टार. म्हणजे आजोबा बसऱ्याच्या नेमक्या उलट्या दिशेला होते, ब्रह्मदेशाच्या अंगाला. आफ्रिकेत गेलेल्याची फीत वाळूच्या रंगाची असते, इटलीत गेलेल्याची हिरवी-पांढरी-लाल. रंग नीट उतरवून घेतलास तर माणूस कोणत्या मुलखात होता ते बसल्या जागी कळतं. आणि ते 'मोठं पदक' म्हणशील, तर त्या आघाडीवर नेमून दिलेल्या काळात नोकरी केलेल्या प्रत्येकाला हा तारा मिळाला. शौर्यपदक वेगळं. नामदेव जाधव आणि यशवंत घाडगे या मराठा पलटणीतल्या दोघांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते शौर्यपदक. घरोघरच्या आठवणीत सगळेच तारे व्हिक्टोरिया क्रॉस होऊन बसतात.

मग बसरा आला कुठून? तो पहिल्या महायुद्धातला. १९१४ ते १८ मध्ये मुंबई इलाख्यातल्या पलटणी मोठ्या संख्येनं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेल्या. बसरा हे उतरायचं बंदर. एप्रिल १९१६ मध्ये कूत-अल-अमारा पडलं, तेव्हा तिथे कोंडलेल्यांत मराठा पलटणीही होत्या. आमच्या पणजोबांचा चुलतभाऊ तिकडे गेला आणि परतला नाही. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी आजोबा दुसऱ्या लढाईवर गेले, आणि घरातल्या बायकांच्या बोलण्यात दोन माणसं आणि दोन लढाया एक झाल्या. तुमच्याकडेही तसंच झालं असेल असं नाही. दुसऱ्या लढाईतही इराक-इराणात आपली फौज होतीच, 'पायफोर्स' म्हणायचे तिला. पण तपासल्याशिवाय बसऱ्यावर विश्वास ठेवू नकोस.

आता तू म्हणशील, फीत तर तू आंतरजालावर बघून ओळखलीस, त्यात काय एवढं. बरं. पण पक्कं कशानं झालं सांगू? हळदीनं.

एका दुपारी शेंगा सोलता सोलता काकू सहज बोलून गेली, "सासूबाई सांगेत, लढाईहून उनात तवय हयदना मायक पिवया जर्द व्हई उनथात." आजीला वाटलं नवऱ्याला कावीळ झाली. कोणाकोणाकडे नेऊन कावीळ उतरवली, गळ्यात माळ बांधली, महिनाभर तेल-तिखट बंद. काकूच्या दृष्टीनं ही गोष्ट आजीच्या भाबडेपणाची. मी मात्र शेंगा सोडून उठले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हिवतापानं माणसं गोळ्यांपेक्षा जास्त आडवी होत होती, म्हणून शिपायांना रोज मेपाक्रीनची गोळी गिळायला लावत. त्या गोळीनं कातडी पिवळी पडायची. आजीनं बिचाऱ्या माणसाला महिनाभर अळणी भात खायला घातला, आणि त्याच आठवणीनं मला आसाम-ब्रह्मदेशाची खूण दिली.

म्हणून कपाटं आणि कार्यालयं नंतर. आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांजवळ बस. पुरुष लढाई सांगतात. बायकांना कोण कसा परत आला ते आठवतं. "आजोबा कुठल्या पलटणीत होते?" असं मात्र विचारू नकोस. तो प्रश्न आला की त्यांना वाटतं परीक्षा आहे, आणि त्या "माले काय माहीत, माय" म्हणून मोकळ्या होतात. त्यांनी येताना काय आणलं, रात्री दचकून उठायचे का, काय खायचं सोडून दिलं, पोरांना कुठल्या शब्दांनी हाका मारायचे, पैसे दर महिन्याला यायचे की अडकायचे, असं विचार. आमचे आजोबा नातवंडांना जेवायला बोलावताना "फालिन!" असं ओरडायचे. आम्हाला वाटायचं ती शिवी आहे. 'फॉल इन'चं ते पलटणी रूप आहे हे मला चाळिशीत कळलं.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं तर आधी विचार त्यांना. कापडण्याला तुझी आजी आहे, नव्वदीला टेकलेली. यातलं दुसरं काही केलं नाहीस तरी चालेल, पण तिच्याकडे जायला दिवाळीची वाट बघू नकोस.

बायकांचं ऐकून झालं की मग कागद. आणि कागदांत शोधायचा तो नंबर. नावाच्या मागे धावशील तर फसशील, कारण फौजेच्या कारकुनानं आपली नावं इंग्रजीत कानाला येतील तशी लिहिलीत. नामदेव जाधवांचंच बघ, त्यांचं आडनाव कागदोपत्री 'एच'शिवाय लिहिलेलं सापडतं. मग तुझ्या-माझ्या आजोबांची काय कथा. कुठे आडनाव नाही, कुठे बापाचं नावच आडनाव. गावही तसंच. धुळे असं शोधून काही मिळत नाही. इंग्रजीत तेव्हा 'धुलिया' लिहीत आणि जिल्हा म्हणजे 'वेस्ट खानदेश'. जळगाव, अमळनेर, चाळीसगाव हे 'ईस्ट खानदेश'. १९०६ मध्ये खानदेशाचे हे दोन भाग झाले, ते लक्षात ठेव. सोनगीरचं स्पेलिंग मी तीन प्रकारे बघितलंय. नंबर मात्र सहसा बदलत नाही.

हा नंबर कुठे असतो? पलटणीतून सुटताना मिळालेल्या डिस्चार्जच्या कागदावर, पेन्शन असेल तर तिच्या आदेशावर (पीपीओवर), पदकाच्या कडेवर, जुन्या पाकिटांवर. एक जागा अशी सांगते जी तुला कोणी सांगणार नाही. घरात कोणाच्याही जात पडताळणीची फाइल असेल ती उघड. त्या पडताळणीपायी आपल्या लोकांनी आजा-पणजाचे असे असे दाखले शोधून जपलेत की कुठल्या पुराभिलेखागाराला जमणार नाही! शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्माची नोंद, जुने फेरफार. माझ्या मैत्रिणीच्या घरी डिस्चार्ज सर्टिफिकेटाची झेरॉक्स याच फाइलीत निघाली, कारण त्यावर जात लिहिलेली होती. इंग्रज भरतीच जात बघून करायचे, त्याचा हा उशिराचा उपयोग. मोडीतला कागद निघाला तर घाबरू नकोस, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासूनचं. मोडी वाचणाऱ्याचा पत्ता तिथे विचारायचा.

पाकिटं सापडली तर तिकिटासाठी कापू देऊ नकोस कोणाला. त्यावरचा शिक्काच खरा. 'एफपीओ' आणि पुढे आकडा असेल तर ते फिरतं लष्करी पोस्ट. त्या आकड्यावरून आणि तारखेवरून ते पोस्ट तेव्हा कुठे होतं ते काढता येतं. 'एमईएफ' असेल तर मध्यपूर्व, 'सीएमएफ' असेल तर बहुतेक इटली.

नंबर आणि पलटण हाती आली की दार कुठलं ठोठवायचं ते ठरतं. मराठा असेल तर बेळगाव, सॅपर असेल तर खडकी, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर, तोफखाना असेल तर नाशिक रोड कॅम्प, सिग्नल असेल तर जबलपूर. माझं पहिलं पत्र मी भलत्याच ठिकाणी धाडलं आणि आठ महिने वाट बघत बसले, चूक माझीच. सैन्याला माहितीचा अधिकार लागू आहे, दहा रुपयांत अर्ज होतो. त्यात "आजोबांची सगळी माहिती द्या" असं लिहू नकोस. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, तेव्हाचा जिल्हा, अंदाजे साल लिही आणि दोन गोष्टी नावानिशी माग: शीट रोल (त्याच्या नोकरीचा कागद) आणि लाँग रोलमधली (पलटणीच्या नावांच्या वहीतली) नोंद.

इथे जरा मन घट्ट कर. पेन्शन न मिळालेल्या शिपायांचे कागद पंचवीस वर्षं ठेवून नष्ट करायचा सैन्याचा नियमच आहे. लढाईपुरते भरती झालेले आणि १९४६ च्या सुमारास घरी पाठवलेले बहुतेक सगळे बिनपेन्शनीच. म्हणजे आजोबांची जाडजूड फाइल कुठेतरी धूळ खात पडलीय आणि आपण गेलो की मिळेल, हे चित्र डोक्यातून काढ. उरते ती लाँग रोलमधली एक ओळ. पंजाबवाल्यांचा हेवा वाटतो मला. पहिल्या महायुद्धाला गेलेल्या त्यांच्या तीन लाखांवर माणसांच्या गावनिहाय वह्या लाहोरच्या संग्रहालयात निघाल्या. आपल्याकडे खानदेशाची तशी वही कोणी काढून दाखवली तर मी त्याला पुरणपोळी वाढीन.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन ये, धुळ्याला आणि जळगावलाही आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बिनपेन्शनी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मदत देतं. तुझ्या आजीनं कधी त्यासाठी अर्ज केला असेल, तर अर्जासोबत नंबर दिलेला असणार. अन् केला नसेल तर आधी तो कर, वंशावळ मागाहून.

माणूस लढाईत गेला असेल तर वाट वेगळी. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नाव, नंबर, तारीख मिळते आणि दुसऱ्या लढाईतल्यांच्या नावापुढे बरेचदा बापाचं, बायकोचं, गावाचं नावही. पुण्यात आहेस तर खडकीच्या युद्धस्मशानात एक चक्कर मारून ये, शांत जागा आहे. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलीच नव्हती, अंमलदारांची कोरली, बाकीच्यांचे नुसते आकडे. हा भेदभाव झाल्याचं आयोगानं २०२१ मध्ये स्वतः कबूल केलं. आमच्या पणजोबांच्या त्या भावाची गोष्ट वाचताना मला हे कळलं आणि दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

बरं, आता ते सांगते जे सांगण्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं.

मला उत्तर आलं. तीन ओळींचं. भरतीची तारीख, सुटकेची तारीख, आणि कामाच्या रकान्यात एक शब्द: टिनस्मिथ. आजोबा बंदूक चालवणारे नव्हते. ते तिकडेही तांबटच होते. लढाईत तांबं आणि जस्त काडतुसांकडे वळलं, आळीत पत्रा मिळेना, भाता थंड पडला, म्हणून ते भरती झाले. आसामच्या पावसात लंगरच्या देगींना कल्हई करायची, गळके डबे डागायचे, हे त्यांचं युद्ध. आणि इकडे माझे वडील शाळेपासून सगळ्यांना सांगत आलेले की बाबांनी संगिनीनं सहा जर्मन मारले! ते उत्तर मी वाचून दाखवलं तेव्हा वडील काही बोलले नाहीत. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "कल्हई उडालेल्या भांड्यात पलटणीचं कालवण शिजवलं असतं ना, तर जपान्यांना गोळी झाडायची गरज पडली नसती." आणि मग स्वतःच नवसागराच्या धुराबद्दल, कथील फडक्यानं फिरवायच्या आजोबांच्या हाताबद्दल बोलत बसले, तासभर. सहा जर्मनांबद्दल ते कधी दोन मिनिटांच्या वर बोलू शकले नव्हते.

२५ लाख माणसं होती त्या फौजेत. स्वयंपाकी, ड्रायव्हर, खेचरवाले, रस्ते खोदणारे, मोची, न्हावी, धोबी. तुझे आजोबा त्यांच्यातलेच निघाले तर तुझा चेहरा उतरू देऊ नकोस, निदान आजीसमोर तरी.

आणखी एक. तू विचारशील, आजोबा स्वतः काही का बोलले नाहीत? १४ एप्रिल १९४४ हा दिवस घे. त्या दिवशी सोनगीर-दोंडाईचा वाटेवरच्या चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांचा. साताऱ्याच्या प्रतिसरकारची माणसं आणि आपल्या भागातली पोरं. त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं. आणि त्याच दिवशी आमचे आजोबा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. जपान्यांनी इंफाळची वाट तोडून पंधरा दिवस झालेले. त्याआधी दीडेक वर्षं, सप्टेंबर १९४२ मध्ये, नंदुरबारला शिरीषकुमार गोळ्या झेलून पडला होता. अशा मुलखात १९४६ साली इंग्रजांच्या खाकी कपड्यात परत आलेला माणूस ओट्यावर बसून काय सांगणार? आजीनं तो खाकी सदरा फाडून त्याची पोतेरी केली. मी आधी तिच्यावर चिडले होते. आता वाटतं, तिला त्या गल्लीत राहायचं होतं.

पण हेही घरोघरी सारखं नाही. माझ्या त्याच मैत्रिणीकडे बौद्धवाड्यात आजोबांचा गणवेशातला फोटो बाबासाहेबांच्या शेजारी हार घालून लावलाय, आणि घरातल्या लहान पोरालाही पलटणीचं नाव पाठ आहे. ज्यांना फौजेची दारं आधी बंद केली, १९१७ मध्ये गरजेपुरती उघडली, १९२१ मध्ये पुन्हा लावली, त्यांच्यासाठी ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ही साधी नोकरी नव्हती. तिथे कागदही जपले गेले.

पैसे घेऊन 'आजोबांचा रेकॉर्ड' काढून देणारे आंतरजालावर भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. पलटणीची नेमकी कंपनी कळली तर तिची रोजनिशी लंडनमधल्या क्यूच्या अभिलेखागारात असू शकते. ब्रह्मदेशाच्या आघाडीची मालिका डब्ल्यूओ १७२. तुझा दीर तिकडे आहे, त्याला कामाला लाव. त्यात आजोबांचं नाव नसेल, शिपायांचं नाव क्वचितच असतं. पण कुठल्या तारखेला कुठे मुक्काम, किती पाऊस, पाणी होतं की नव्हतं, हे असतं.

राहिला नंबर. आमचा डिस्चार्जचा कागद वाळवीनं खाल्लेला, पदकाच्या कडेवर फक्त तो 'आर'. मग नंबर मिळाला कसा? देवघरात एक लोटा आहे, रोज त्यातून तुळशीला पाणी जातं. एकदा घासताना माझं बोट त्याच्या बुडाला लागलं. खरखरीत. पालथा केला तर टोच्यानं ठोकलेले आकडे, आपण भांड्यावर नाव घालतो तसे, ठिपक्या ठिपक्यांचे. काकूला दाखवलं तर म्हणाली, "अवं, ते वजन व्हई." वजन कसलं! तेवढ्या आकड्यांचं वजन असतं तर तो लोटा बैलगाडीनं न्यावा लागला असता. पलटणीत कोणी उचलू नये म्हणून आजोबांनी आपल्या हातानं आपला नंबर घातला होता त्यावर.

तुझे आजोबा तांबट नव्हते, ठाऊक आहे मला. पण भांड्यावर, ट्रंकेवर, घोंगडीच्या कोपऱ्यावर नंबर प्रत्येक शिपाई घालायचा. रविवारी कापडण्याला जाशील तेव्हा माळ्यावरची मोडीत काढायला ठेवलेली भांडी आधी खाली उतरव आणि एकेक पालथं घालून बघ. मोडवाला दर बुधवारी येतो, तुझ्या काकूला आजच फोन करून ठेव.